अंघोळीची वेळ कोणी ठरवायची?

हॉस्पिटलात दाखल होताना माणूस मनातल्या मनात एक सौदा करतो. थोडे दिवस माझं म्हणणं बाजूला ठेवतो. तुम्ही म्हणाल तेव्हा उठेन, द्याल ते कपडे घालेन, पहाटे सुई टोचायला आलात तरी कुरकुर करणार नाही. बदल्यात मला बरं करून घरी पाठवा. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला हा सौदा परवडतो, कारण तो चार दिवसांचा असतो. पण पक्षाघातानं एक बाजू गेलेला माणूस, पार्किन्सन्सनं दरवर्षी थोडी थोडी थिजत चाललेली बाई, मणक्याला मार बसून तिशीतच व्हीलचेअरवर आलेला तरुण, डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा रुग्ण, यांना बरं करून पाठवण्याचं आश्वासन कोणी देऊच शकत नाही. तरी त्यांना लावला जातो तो हाच सौदा. त्यांच्याकडून घ्यायचं ते सगळं घेतलं जातं, द्यायच्या बाजूला मात्र काहीच नसतं. आणि मुदत असते ती मरेपर्यंतची.

दीर्घकालीन शुश्रूषेत रुग्णाच्या इच्छेला पहिलं स्थान द्यावं, याला उघड विरोध करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. संस्थांच्या माहितीपत्रकांत तर हे वाक्य असतंच. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००१ साली चांगल्या आरोग्यसेवेचे सहा निकष मांडले. त्यात सुरक्षितता आहे, तशी रुग्णकेंद्रितताही आहे, आणि रुग्णाची मूल्यं हीच सगळ्या वैद्यकीय निर्णयांची दिशा ठरवतील, अशी तिची व्याख्याही आहे. कागदावर हे दोन निकष शेजारी सुखानं नांदतात. प्रत्यक्षात त्यांची टक्कर झाली की पहिला जिंकतो, दुसरा माहितीपत्रकात परत जातो. खरा वाद आहे तो अधिकाराचा. रुग्णाची इच्छा आधी, याचा अर्थ दुसऱ्या कोणाचा तरी अधिकार कमी. तो कोणाचा कमी करायचा आणि कोणाच्या हातात द्यायचा, हे ठरवायची तयारी नसेल तर बाकीची चर्चा नुसती गोड बोलण्याची राहते.

मला वाटतं, जिथे आजार जाणार नसतो तिथे दिवस कसा जातो हाच उपचाराचा निकाल असतो. म्हणून दिवसाचं वेळापत्रक ही व्यवस्थापनाची बाब नाही, ती उपचाराची बाब आहे. ते ठरवण्याचा हक्क आधी रुग्णाचा, आणि त्याच्यानंतर त्याच्या अगदी जवळ राहून काम करणाऱ्या मदतनिसाचा. डॉक्टर, संचालक आणि नातेवाईक यांचा क्रम त्यानंतर येतो. हे अनेकांना पटणार नाही, याची कल्पना आहे.

कुठल्याही निवासी केंद्राचं वेळापत्रक काढून बघा. पहाटे पाचला उठवतात, कारण रात्रपाळीला दिवसपाळीच्या हाती ‘तयार’ माणसं सोपवायची असतात. रात्रीचं जेवण संध्याकाळीच उरकतं, कारण स्वयंपाकघरातल्या लोकांची सुटी होते. डायपर ठरलेल्या वेळी बदलतात, ओला कधी झाला ते बघून नाही. यात कोणी दुष्ट नसतं. प्रत्येक नियमामागे कारण असतं, आणि ते खरंही असतं; फक्त त्यातलं एकही कारण त्या अंथरुणात झोपलेल्या माणसाचं नसतं. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ साली अशा बंदिस्त संस्थांचं वर्णन केलं: झोप, काम, विरंगुळा सगळं एकाच छताखाली, एकाच सत्तेखाली, घोळक्यानं आणि वरून ठरलेल्या वेळेनुसार. त्यांनी मुख्यतः मनोरुग्णालयाचा अभ्यास केला होता. पण तुरुंग आणि बराकींबरोबर वृद्धांच्या आश्रयगृहांनाही त्यांनी त्याच यादीत ठेवलं. साठ वर्षांनंतर भिंतींचे रंग बदललेत, टीव्ही आलेत. घोळका तोच आहे.

अंघोळीचंच घ्या. दीर्घकालीन शुश्रूषेत सगळ्यात जास्त मारामाऱ्या अंघोळीच्या वेळी होतात, हे या कामातला कोणीही सांगेल. डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. कोणीतरी अनोळखी येतं, तुमचे कपडे काढायला लागतं, का ते कळत नाही. गार खोलीत ओल्या खुर्चीवर बसवलं जातं. तोंडावर एकदम पाणी येतं. तुम्ही ओरडता, हात उगारता, चावता. रजिस्टरमध्ये नोंद होते: ‘रुग्ण आक्रमक. सहकार्य करत नाही.’ दोन-चार नोंदी झाल्या की शांत करण्याची गोळी सुरू होते. गोळीनं तोल जातो, माणूस पडतो, मग पडू नये म्हणून खुर्चीला पट्टा लागतो. सुरुवात कुठून झाली होती ते तोवर कोणाच्या लक्षातही नसतं.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मदतनिसांना अंघोळ घालण्याच्या दोन वेगळ्या पद्धती शिकवल्या. एकीत शॉवरच, पण माणसाच्या कलानं: अंग टॉवेलनं झाकलेलं ठेवायचं, खोली उबदार ठेवायची, बोलत राहायचं, नको म्हटलं की थांबायचं. दुसरीत पलंगावरच, गरम ओल्या टॉवेलांनी आणि धुवावा न लागणारा साबण वापरून. दोन्ही पद्धतींत आक्रमकता निम्म्याहून अधिक घटली. स्वच्छतेत कमी पडलं नाही, त्वचेवर घातक जंतू वाढले नाहीत. शॉवरला थोडी मिनिटं जास्त लागली, टॉवेलच्या अंघोळीला तीही नाहीत. म्हणजे ज्याला आपण रुग्णाचा स्वभाव किंवा आजाराचं लक्षण म्हणत होतो, तो बराचसा निषेध होता. त्याला शब्द नव्हते, इतकंच.

‘आधी गरज, मग आवड’ असा क्रम लावणाऱ्यांना मी ही अंघोळ दाखवते. स्वच्छता ही गरज होती, याबद्दल वाद नाही. पण ती गरज माणसाच्या मनाविरुद्ध भागवताना भीती, गोळी, पडणं आणि पट्टा अशा चार नव्या गरजा तयार झाल्या. गरज तज्ज्ञांनी ठरवायची आणि आवड ही वरची सजावट, ही विभागणी कागदावर सुटसुटीत दिसते. अंगाला हात लावायची वेळ आली की ती टिकत नाही. १९६३ साली सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी रोजच्या व्यवहारांची जी मोजपट्टी बनवली तीत सहा गोष्टी आहेत: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. अत्यंत उपयोगी मोजपट्टी, जगभर वापरली जाते. माणसाला काय जमत नाही ते ती नेमकं सांगते. त्याला काय हवंय ते तिनं कधी विचारलेलंच नाही, आणि त्याबद्दल मोजपट्टीला दोष देता येत नाही. दोष आहे तो तिच्यावरच शुश्रूषेचा आराखडा बेतून मोकळं होण्याचा.

मग विचारावं. पण विचारणं वाटतं तितकं सोपं नाही. संडासला नेण्यासाठी जो दुसऱ्यावर अवलंबून आहे, तो त्या दुसऱ्याबद्दल तक्रार करत नाही. ‘सगळं ठीक आहे ना?’ या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच असतं. ‘काय हवं?’ म्हटलं की ‘काही नको, तुमचं चालू द्या.’ ‘आत्ता अंघोळ चालेल ना?’ ‘चालेल.’ वर्षानुवर्षं परावलंबी राहिलेल्या माणसाच्या तोंडी ‘चालेल’ इतकं बसलेलं असतं की त्यामागे काही वेगळं होतं का, हे त्यालाही आठवत नाही. इच्छा कमी करत नेणं हा तग धरण्याचा मार्ग आहे. त्यामुळे समाधान-सर्वेक्षणात नव्वद टक्के खूश निघाले असं कोणी सांगितलं, की मी आनंदित होण्याऐवजी सावध होते. विचारायचंच असेल तर नेमकं विचारावं लागतं: पूर्वी किती वाजता झोपायचात? दार लावून झोपायचात की उघडं ठेवून? सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास कोणी बोललेलं आवडायचं का? आणि महिन्याभरानं तेच परत विचारावं लागतं, कारण आजारी माणसाची इच्छाही हलते.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये प्रत्येक रहिवाशाची जी सक्तीची तपासणी-प्रश्नावली भरतात, तिच्या २०१० च्या आवृत्तीत असे प्रश्न थेट रहिवाशालाच विचारायची सोय झाली. कपडे स्वतः निवडणं, टबात, शॉवरखाली की पलंगावर अंघोळ हे ठरवणं, झोपायची वेळ, फोनवर खासगीत बोलणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? उत्तरांच्या पर्यायांत एक फार बोलका पर्याय आहे: ‘महत्त्वाचं आहे, पण शक्य नाही किंवा पर्यायच नाही.’ कुठल्याही संस्थेची पाहणी करायला गेले तर मी आधी तो रकाना मागेन. तिथे किती खुणा आहेत, आणि सहा महिन्यांपूर्वी किती होत्या? बाकीचा अहवाल नंतर वाचता येईल.

निवडीचं महत्त्व दाखवायला १९७६ चा एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, तुमचे निर्णय तुमचे. हे रोपटं निवडा, त्याची निगा तुम्ही राखायची. दुसऱ्या मजल्यावर रोपटी नुसती वाटली, पाणी घालायला परिचारिका होत्या. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक टवटवीत आणि हालती-बोलती दिसली. दीड वर्षानं त्यांच्यातले मृत्यूही कमी होते असं जाहीर झालं, पण त्या आकडेमोडीत पुढे चूक सापडली आणि तो दावा बराच सैल पडला. लोक मात्र अजून रोपट्यानं आयुष्य वाढल्याची गोष्ट सांगतात. मला त्याच सुमाराचा दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो, जो फारसा कोणी सांगत नाही. रिचर्ड शुल्झ यांनी विद्यार्थ्यांना वृद्धांच्या भेटीला पाठवलं. काहींना भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येत होतं, काहींना नुसती वेळ आधी कळत होती, काहींकडे विद्यार्थी वाटेल तेव्हा येत होते. पहिल्या दोन गटांची तब्येत आणि उमेद सुधारली. मग प्रयोग संपला, भेटी थांबल्या. शुल्झ यांनी नंतर पुन्हा पाहिलं, तर ज्यांना फायदा झाला होता तेच सगळ्यात जास्त ढासळले होते.

या निकालाचं वजन आपल्या सगळ्या ‘उपक्रमां’नी सोसलं पाहिजे. देणगी आहे तोवर चालणारे संगीतोपचार, तपासणी पथक यायच्या आधी महिनाभर विचारली जाणारी आवडनिवड, नवा उत्साही व्यवस्थापक आहे तोवर उघडं राहणारं दार. अधिकार देऊन परत काढून घेणं हे कधीच न देण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. म्हणून ज्याला आपण सौजन्य म्हणतो त्याला नियमाचं रूप लागतं. सौजन्य बदलीबरोबर जातं.

आता सुरक्षिततेकडे यायला हवं, कारण रुग्णाच्या बहुतेक इच्छा हरतात त्या इथेच. ‘पडतील’, ‘गिळताना ठसका लागेल’, ‘बाहेर गेल्या तर हरवतील’. शंका खऱ्या असतात. पण त्यांच्या जोरावर जे केलं जातं, त्यानं धोका खरंच टळतो का, हे फार कमी वेळा तपासलं जातं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या सुमारे ४० टक्के रहिवाशांना पट्ट्यांनी, जाकिटांनी बांधून ठेवलं जाई; पडू नयेत म्हणूनच. १९८७ च्या कायद्यानं निव्वळ शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्याला मनाई केली. ‘सोडलं तर हाडं मोडतील’ अशी ओरड झाली. मेरी टिनेटी यांच्या १९९२ च्या अभ्यासात दिसलं ते असं, की बांधल्यानं पडून होणाऱ्या गंभीर दुखापती कमी होत नाहीत, उलट वाढत असाव्यात. बांधलेल्या माणसाचे स्नायू जातात, तो सुटायची धडपड करतो आणि मग जास्त वाईट पडतो. आज बांधून ठेवलेल्यांचं प्रमाण तिथे अगदी थोडं उरलंय. त्या दशकांत ज्यांना बांधलं गेलं, त्यांनी आपली इच्छा गमावली आणि बदल्यात सुरक्षिततासुद्धा मिळवली नाही.

पट्टे गेले तसे त्यांचे सभ्य अवतार आले. उठता येऊ नये अशी पुढे ट्रे लावलेली खुर्ची, पलंगाचे उंच कठडे, आणि गोळ्या. डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांना वर्तन आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या नव्या अँटीसायकोटिक औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण चाचण्यांत या रुग्णांतले मृत्यू खोट्या गोळीच्या तुलनेत दीडपटीहून अधिक होते. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागला. काही रुग्णांना ती औषधं लागतात, हे मान्य. पण रात्रपाळीला माणसं कमी आहेत हे औषध सुरू करण्याचं कारण असू शकत नाही, आणि अनेकदा खरं कारण तेच असतं.

गिळण्याच्या त्रासाचं उदाहरण अधिक अवघड आहे, म्हणून ते टाळू नये. पक्षाघातानंतर किंवा डिमेन्शियात पातळ द्रव श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मग पाण्यात पावडर घालून ते दाटसर करून देतात. ज्यांनी ते चाखून पाहिलं नसेल त्यांनी एकदा दिवसभर तेच पिऊन बघावं. रुग्ण साधं पाणी मागतो. डॉक्टर म्हणतात, न्यूमोनिया होईल. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दाट केलेल्या द्रवांनी न्यूमोनिया निर्णायकरीत्या कमी झाल्याचं दिसलं नाही, अंगातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण मात्र त्यांच्यात जास्त होतं. म्हणजे रोजची तहान नक्की आणि टळणारा धोका संदिग्ध. अशा वेळी, समजून-उमजून साधं पाणी मागणाऱ्या माणसाला ते नाकारण्याचा हक्क कोणाला आहे? माझ्या मते कोणालाच नाही. बसण्याची ढब नीट करावी, तोंड स्वच्छ ठेवावं, घोट लहान द्यावा, काय होऊ शकतं ते स्पष्ट सांगावं, आणि पाणी द्यावं.

धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते, ही मांडणी रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ साली बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांसंदर्भात केली होती. इंग्लंड आणि वेल्सच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानं ती जवळपास नियमातच आणली: एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून त्याला निर्णय घेण्याची कुवत नाही असं धरता येणार नाही. धडधाकट माणसं रोज किती मूर्ख निर्णय घेतात! त्यांच्यासाठी कोणी बैठक बोलावत नाही.

अर्थात मर्यादा आहेत. स्वतःचा धोका आणि दुसऱ्याचा धोका यांत मी रेघ मारते. ऑक्सिजनचं सिलिंडर शेजारी असताना पलंगात सिगारेट ओढायची आहे, तर उत्तर नाही असंच आहे, कारण जळणारी खोली एकट्याची नसते. मदतनिसाला मारायची, तिच्या जातीवरून किंवा रंगावरून तिला हाकलायची ‘इच्छा’ ही इच्छा म्हणून मोजली जाणार नाही. एकटीनं उचलायला लावून तिची कंबर मोडायचीही नाही. पण रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला उठवू नका, झोपू द्या, असं कोणी म्हणत असेल, तर बेडसोरचा, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमांचा धोका सांगून, गादी बदलून, अंतर वाढवून त्याच्याशी तडजोड करता येते. ती लिहूनही ठेवावी. हे लिहिणं महत्त्वाचं, कारण ‘नाही’ म्हणणाऱ्या परिचारिकेला बहुधा रुग्णाची नव्हे, चौकशीची भीती वाटत असते. काही झालं तर जबाबदार कोण? रुग्णाच्या निर्णयाची नोंद असेल आणि संस्था पाठीशी उभी राहणार असेल, तर तीच परिचारिका ‘बरं’ म्हणते.

नातेवाइकांचा मुद्दा नाजूक आहे. पैसे ते भरतात, सह्या ते करतात, म्हणून संस्थेचं गिऱ्हाईक तेच होतात. त्यांना वजन टिकलेलं हवं, कपडे स्वच्छ हवेत, पडल्याचा फोन नको असतो. यात प्रेम असतं, आणि बऱ्याचदा जवळ न ठेवता आल्याची टोचणीही असते. ‘बाबांना काय हवंय ते मला माहीत आहे’ असं मुलं ठामपणे सांगतात. हे किती खरं? २००६ साली या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. उपचारांबद्दल रुग्णाची पसंती काय असेल, याचा जवळच्या नातलगांचा अंदाज ६८ टक्के वेळा बरोबर निघाला. तीनांत एकदा चूक. रुग्णानं स्वतः प्रतिनिधी नेमला होता किंवा आधी बोलणं झालं होतं, तरी अचूकता वाढली नव्हती. नातलगांना दूर ठेवा असा याचा अर्थ नाही. रुग्ण बोलू शकत असताना त्याच्या डोक्यावरून नातलगांशी बोलू नका, एवढाच आहे. राउंडला आलेले डॉक्टर पलंगावरच्या माणसाकडे पाठ करून मुलाला विचारतात, ‘जेवण जातंय का यांना?’ हे दृश्य कुठे नाही?

घरी होणाऱ्या शुश्रूषेत प्रश्न उलटा होतो. तिथे ‘मला घरीच राहायचंय’ या इच्छेची किंमत बायको, सून किंवा मुलगी आपल्या झोपेनं आणि नोकरीनं मोजते. रुग्णाची इच्छा प्रथम म्हणताना दुसऱ्या माणसाचं आयुष्य गृहीत धरलं जात असेल तर मला ते मान्य नाही. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेसाठी वेगळा सामाजिक विमा आहे. त्यात सेवा घ्यायची की रोख रक्कम हे निवडता येतं, आणि घरी काळजी घेणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ताही ठरावीक अटींवर भरला जातो. जपाननं असा विमा २००० साली आणला. इच्छा पुऱ्या करायला माणसं लागतात आणि माणसांना मोबदला लागतो, एवढी साधी गोष्ट या देशांनी कबूल केली.

डिमेन्शियात इच्छा कोणाची मानायची, पूर्वीच्या माणसाची की आजच्या? आयुष्यभर कडक इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस आता एकच जुना स्वेटर अंगाला लावून खूश असतो, आणि मुलगी म्हणते, ‘बाबा असे कधीच नव्हते.’ माझं उत्तर, रोजच्या गोष्टींत आजचा माणूस जिंकला पाहिजे. स्वेटर राहू द्यावा. मोठ्या, अंगात शिरणाऱ्या उपचारांबाबत, म्हणजे नळीनं अन्न किंवा व्हेंटिलेटर, पूर्वी शुद्धीत सांगून ठेवलेलं वजनदार धरावं. हा नियम सगळीकडे पुरतो असं नाही. पण शब्द गेले म्हणजे इच्छा गेली, हे तर नक्कीच खोटं आहे. तोंड फिरवणं, घट्ट मिटलेले ओठ, एका विशिष्ट मदतनिसाला पाहून सैल पडणारे खांदे, ही सगळी उत्तरं आहेत. ती वाचायला रोज तेच माणूस समोर हवं. प्रत्येक पाळीला नवा चेहरा असेल तर कोण वाचणार?

इथे मी सुरुवातीला सांगितलेल्या क्रमावर येते. रुग्णाला गरम पाणी किती गरम लागतं, कुठल्या कुशीवर दुखतं, कशानं चिडतो, हे जिला माहीत असतं ती मदतनीस बहुतेक ठिकाणी सर्वांत कमी पगाराची असते, आणि आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत ती नसते. अंघोळ उद्यावर ढकलायची तरी तिला वर विचारावं लागतं. ज्ञान एकीकडे, अधिकार दुसरीकडे. नेदरलँड्समध्ये २००६ च्या सुमारास योस दे ब्लॉक यांनी सुरू केलेल्या, घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या ब्यूर्टझोर्ख या संस्थेनं हे अंतर मिटवलं. बारा जणांपर्यंतचे परिचारिकांचे गट, मधला व्यवस्थापक नाही, कोणाकडे किती वेळ द्यायचा हे गटच ठरवतो. अमेरिकेत २००३ मध्ये मिसिसिपीतल्या ट्युपेलो इथे पहिली ‘ग्रीन हाउस’ घरं उभी राहिली. दहा-बारा रहिवासी, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, आणि स्वयंपाकापासून अंघोळीपर्यंत सगळं बघणारे तेच ते मदतनीस, दिवस आखायचा अधिकार त्यांच्याकडे. नेदरलँड्समधल्या वेस्प इथलं होगेवेक हे डिमेन्शियाग्रस्तांचं गाव तर जगप्रसिद्ध झालं. २००९ पासून तिथे छायाचित्रकार येतात आणि दुकानाचे, चौकाचे फोटो काढून नेतात. मग कुठेतरी एखादा संचालक कॉरिडॉरमध्ये खोट्या दुकानाची पाटी लावून मोकळा होतो. होगेवेकचा गाभा दुकानात नाही. सहा-सात जण एका घरात राहतात, ते त्यांच्या पूर्वीच्या जगण्याच्या रीतीप्रमाणे, आणि त्या घराचा दिवस त्या घरात ठरतो.

‘हे सगळं श्रीमंत देशांचं’ असा आक्षेप येतोच. पैसा लागतो, खोटं कशाला बोला. पण निवडीतला बराच भाग पैशाचा नाही. उशिरा उठू देणं फुकट असतं. इंग्लंडमधल्या ६९ केंद्रांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यक्तीला धरून केलेली शुश्रूषा आणि आठवड्याला साधारण तासभर ठरवून केलेला संवाद यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांचं जगणं सुधारलं, अस्वस्थता घटली, आणि नेहमीच्या पद्धतीपेक्षा खर्चही कमी आला. दांडगाईनं घातलेल्या अंघोळीचा, गोळ्यांचा आणि मोडलेल्या खुब्याचा खर्च कोणी एकत्र मांडत नाही, म्हणून ती स्वस्त वाटते.

तरीही तुटवडा असणारच. रात्रपाळीला चाळीस जणांमागे दोन माणसं असतील, तर कोणाची तरी इच्छा मागे पडेल, आणि ती कोणाची हे आज रजिस्टरमधली सवय ठरवते. २०२० साली कोविडच्या साथीत जगभरच्या केंद्रांनी भेटी बंद केल्या. सुरुवातीचे आठवडे घाईचे होते, समजण्यासारखं आहे. पण बंदी महिनोन्महिने चालली, आणि ज्यांच्याकडे मोजकेच महिने उरले होते त्यांना कोणी विचारलं नाही की तुम्हाला धोका जवळचा वाटतो की एकटेपणा. काहींनी बंदीच निवडली असती, हे उघड आहे. निदान उत्तर वेगवेगळं आलं असतं, आणि मग कोणाला कुठे, कोणत्या खबरदारीनं भेटता येईल यावर विचार झाला असता. अमेरिकेच्या त्याच १९८७ च्या कायद्यानं रहिवाशांना आपला गट बनवून एकत्र बसण्याचा हक्क दिला आहे. पण गटानं मांडलेल्या गोष्टीवर अमुक दिवसांत लेखी उत्तर द्यायचं बंधन नसेल, तर तो आणखी एक विरंगुळ्याचा तास होतो. तेव्हा प्रत्येक केंद्रात अशी बैठक असावी, तिला पगाराच्या वेळेत मदतनीस बसावेत, आणि माणसं कमी पडतात त्या रात्रींत काय वगळायचं व काय नाही, याची यादी त्या बैठकीनं करावी. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीनं, त्यांना रोज अंघोळ घालणारीनं बोलावं.